सगळ्यांचा आवाज

माझा आवडता नट पडद्यावर कधी दिसलाच नाही.
ग्रात्स्यान विल्कोश त्याचं नाव.
आमच्या पोलंडात टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला
की एक माणूस सगळ्यांचं बोलणं वाचून दाखवतो,
नायकाचं, नायिकेचं, पोलिसाचं, रांगत्या पोराचंसुद्धा,
एकाच सुरात, हवामानाचा अंदाज सांगावा तसं.
मी तुझ्यावाचून मरेन. पूर्णविराम.
मर. पूर्णविराम.
उत्तरेकडून ढग, असं तो पुढे म्हणाला असता
तरी आम्ही मान डोलावली असती.

एल्ब्लाँगमध्ये चौथ्या मजल्यावर आमचं घर.
टीव्हीसाठी गेरार्डनं यादीत नाव घातलं होतं,
अकरा महिन्यांनी नंबर लागला,
आणि जिन्यातून तो वर चढवताना
तळमजल्यावरच्या तेओदोझ्यानं दार किलकिलं करून विचारलं,
रंगीत आहे का?
नव्हता.
तरी ती दर गुरुवारी यायची खसखशीचा केक घेऊन
आणि ब्राझीलच्या मालिकेतल्या त्या मळेवाल्याला
तोंडभरून शिव्या द्यायची.
मी नाही दिल्या. मी ऐकत होते.

लोकांना रेक्स कॅलोवे आवडायचा.
खांदे, हनुवटी, ते एका डोळ्यानं हसणं.
माझ्या बहिणीनं तर नवरा निवडला तो तशा हनुवटीपायी,
आणि पुढे त्यानं दाढी वाढवली.
मला ओदिल मार्साँ थोडी आवडायची, खोटं कशाला बोलू,
हातमोजे काढायची तेव्हा, एकेक बोट.
पण तिचं दुःखही माझ्यापर्यंत आणलं ते विल्कोशनंच,
दुधाची बाटली दाराशी ठेवून जावी तसं,
बेल न वाजवता.

एकदा त्याला खोकला आला,
ऐन लग्नाच्या मागणीत.
माफ करा, तो म्हणाला, आणि मला वाटलं
रेक्स कॅलोवेच माफी मागतोय, आधीच, पुढच्या सगळ्याची.
मी पत्र लिहिलं: रास्पबेरीचा पाक गरम पाण्यातून घ्या,
झोपताना.
उत्तर आलं नाही. पण पुढच्या शनिवारी घसा साफ होता.

गेरार्डही तसाच बोलायचा.
टर्बाइनच्या कारखान्यातून आला की,
सूप गरम आहे. ट्राम उशिरा आली.
एकोणचाळीस वर्षं.
डॉक्टर म्हणाले ते त्यानं मला त्याच सुरात सांगितलं
आणि मग विचारलं, आज सिनेमा कुठला?

परवा नात आली, इगा.
म्हणाली, आजी, हा बघ, मूळ आवाजात.
तोच सिनेमा, बंदरावरचा तोच निरोप.
रेक्स कॅलोवेचा आवाज बारीक निघाला,
चिरकाच जवळजवळ. मला हसू फुटलं.
मग तो आवाज मध्येच तुटला.
शब्द एकही कळला नाही,
तरी हे तुटणं माझ्या ओळखीचं होतं.
विल्कोश नेहमी अर्धा क्षण उशिरा सुरू करायचा,
आणि त्या अर्ध्या क्षणात
खाली, पार तळाशी, कुणीतरी असंच काही म्हणत असायचं.
इतकी वर्षं मी ते ऐकत होते
आणि टीव्हीची खरखर समजत होते.

सूप गरम आहे.
ह्याच्या आधीचा अर्धा क्षण आठवून बघतेय.
बूट काढल्याचा आवाज होता. चमचा होता.
रेडिएटरच्या नळीत पाणी ठोठावायचं, ते होतं.
आणखी काहीतरी होतं, अगदी चमच्याच्या मागे.

इगानं विचारलं, पोलिश लावू का परत?
राहू दे म्हटलं, जरा मोठा कर.
शेजारचे ओरडतील, आजी.
ओरडू देत.