नऊ-तेरा

पोराने कोरा कागद पुढे केला. म्हणाला,
कोच, क्लबचा इतिहास लिहायचाय,
आफ्रिका चषकाचा, एका पानात बसेल एवढा.
बसेल की, म्हटलं.
साल, यजमान शहर, पहिला, दुसरा, तिसरा.
तिसऱ्या रकान्यात आम्ही दोनदा,
त्यातही एकदा नाव चुकीचं छापलेलं.

तो गेला आणि मी आठवत बसले.

एल्डोरेटच्या सूतगिरणीतल्या आम्ही दिवसपाळीच्या पोरी.
कानांत चात्यांची घरघर, केसांत कापूस.
चारचा भोंगा झाला की मागच्या आवारात
गठ्ठे बांधायच्या दोरीचं जाळं.
त्याची उंची शितांडा सर हात वर करून मोजायचे,
मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.
पुढे खरं मोजमाप आलं, तेव्हा कळलं
सर अर्ध्या इंचाने चुकत होते. आमच्याच विरुद्ध.

ट्युनिसला पहिल्यांदा निघालो तेव्हा
नेकेसाने विमानात बूट काढले नाहीत,
पळायची वेळ आली तर म्हणून.
समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.
सात हजार फुटांवर घडलेले आमचे हात,
आणि तिथली हवा अशी जाड
की घट्ट उगालीत उलथनं रुतावं तसा चेंडू रुतायचा.
गिरणीची पार भिंत गाठणारी जेबेटची सर्व्हिस
जाळ्याच्या अलीकडेच दम सोडायची.

आताच्या मुलांना हे खरं वाटत नाही:
तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याचा.
सर्व्हिस समोरच्यांची असेल, तर तुम्ही
लोळा, कोपरं सोलून घ्या,
बाकाखालून चेंडू उपसून आणा,
रॅली जिंका,
आणि पदरात काय?
चेंडू. नुसता चेंडू.
घ्या, आता तुम्ही सुरुवात करा.

उपांत्य सामना, चौथा सेट.
आम्ही नऊ, त्या तेरा.
मग जवळजवळ अर्धा तास
आम्ही नऊ, त्या तेरा.
माझ्या बोटांवरची चिकटपट्टी घामाने सुटून
चेंडूलाच चिकटली, एक रॅली ती तशीच उडाली.
लोक कॉफी प्यायला उठून गेले.
आकडे बदलणारा पोरगा खुर्चीत डुलक्या घेऊ लागला,
त्याला उठवायचं कारणच नव्हतं.

मग दोन सर्व्हिसांत सगळं संपलं.
नऊ-पंधरा.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, कुणीतरी वाचून दाखवलं,
‘सहज विजय’.

पुढे नियम बदलला. प्रत्येक रॅलीला गुण.
पांढरा चेंडू निळा-पिवळा झाला,
एकीला वेगळ्या रंगाची जर्सी आली, ती फक्त मागे खेळते.
गिरणी बंद पडली, चात्या किलोवर गेल्या,
संघ एका बँकेने घेतला, मग त्या बँकेला दुसरीने.
जेबेट कॅप्साबेतला चहाच्या पानांचं वजन करते.
नेकेसाचं शेवटचं पत्र कितालेहून होतं,
त्याला मी उत्तर द्यायचं राहून गेलं.

माझ्याकडे त्या सामन्याची गुणपत्रिका आहे.
गुणलेखक सी लारुसी, जाड चष्म्याचा माणूस,
त्याने कार्बनची प्रत सरांच्या हातात कोंबली होती
काही न बोलता. बोलून आम्हाला कळलंही नसतं.
सर गेले तेव्हा त्यांच्या बायकोने ती मला दिली.
सर्व्हिस फिरली की तो चौकटीत एक रेघ मारायचा.
मोजल्या मी.
त्या अर्ध्या तासात बत्तीस. सोळा आमच्या.
म्हणजे मैदानाच्या सहाही जागा आम्ही
दोनदा पुरत्या फिरलो, तिसऱ्यांदा चौथ्या घरापर्यंत,
आणि नवाचे दहा झाले नाहीत.
पण फलकावरचा पोरगा झोपला असताना
हा माणूस जागा होता,
आणि एकही रेघ तिरकी नाही.

उद्या पोराला हाच कागद देईन.
विचारेल, कोच, यात इतिहास कुठाय?
म्हणेन, मोज.
आणि आधी हात कोरडे कर,
कार्बन पुसला जातो.