इतिवृत्त

विषय क्रमांक चार जेवणाआधीच घेतला,
साहेबांना दीडला पुण्याला निघायचं होतं.
अंबड. शेड दोनच्या वरची खोली.
एसी अठरावर, मी स्वेटर घालून
वहीत तारीख टाकलेली.

मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलंय, एकतीस मार्चच्या आत कळवा:
एका नटामागे पाणी किती लागतं?
नटामागे!
सगळे हसले.
मग हसू आपोआप आटलं,
निम्मी ऑर्डर त्यांचीच.

लोढांनी भिंतीवर तक्ता टाकला.
सांडपाणी फिरवून वापरायचं यंत्र: एक कोटी दहा लाख.
वसुली: सहा वर्षं, दोन महिने.
"तीन वर्षांपुढचं मला दिसत नाही,"
बच्छाव साहेब म्हणाले
आणि बिस्कीट चहात जास्तच वेळ धरलं.

कुणी म्हणालं, छतावर सोलर लावू, फोटो छान येतो.
कुणी म्हणालं, झाडं.
मागच्या जूनमधली पाचशे झाडं मीच लिहिली होती.
जगली किती, ते कुणी लिहायला सांगितलं नाही.

प्लेटिंगचे दातीर दाराशीच उभे,
बुटांना ॲसिडचा वास, म्हणून गालिचावर आले नाहीत.
टाक्या किती एवढंच सांगायला बोलावलेलं.
"तीन," म्हणाले. आणि मग, न विचारता,
"तिसरीतलं पाणी तसं नितळच असतं, साहेब.
ते दुसरीत सोडायचं, दुसरीचं पहिलीत.
नळ निम्म्यावर येतो."
खर्च?
"पाइप. आन् एक रविवार."
हे आधी का नाही सांगितलंत?
"सूचनापेटीत टाकलं होतं."
पेटीची किल्ली कुणाकडे, यावर थोडी चर्चा झाली.

शेड दोनच्या जागी त्यांच्या आजोबांची विहीर होती म्हणतात.
ते त्यांनी काढलं नाही.
विषयपत्रिकेत नव्हतं.

ठराव: पाइप मंजूर.
यंत्र पुढल्या वर्षी बघू.
दोन्ही मिळून नाव: जलधोरण, टप्पा एक.
सूचक लोढा. अनुमोदक, जो जागा होता तो.

संध्याकाळी टाइप करायला बसले.
उपस्थित: सात. दातीर धरले तर आठ.
धरले.
खाली छापील ओळ असते,
'पूर्वपरवानगीने अनुपस्थित'.
खिडकीतून कंपाउंडमागचा नाला दिसतो,
पुढे तो नासर्डीला मिळतो, नासर्डी गोदावरीला.
दोन तास तिच्याच पाण्याचा हिशोब चालला होता
आणि नाव एकदाही निघालं नाही.

नासर्डी, मी टाइप केलं.
'पूर्वपरवानगीने' खोडलं.

सोमवारी साहेबांनी सही केली,
नेहमीसारखी, शेवटचं पान उलटून.