किती वर्षं शाळा

विचार पोरी, विचार. पण आधी सावलीत सरक,
मिश्तेकाच्या या डोंगरावर ऊन कुणाची ओळख ठेवत नाही.
वय? बहात्तर धर.
आजार? साखर.
डाव्या पायाचं एक बोट गेलंय,
मोजायला उरलीत नऊ.

मुलांचं शिक्षण?
नेरेइदाचं सोळा वर्षं.
प्रत्येक वर्षाच्या मी टोप्या विणल्या,
ताडाची पाती वाळू नयेत म्हणून
गुहेच्या गारव्यात बसून.
डझनाला काय मिळायचं ते विचारू नकोस,
व्यापारी कधी कधी पैशांऐवजी साबण टेकवून जायचा.
आता ती पुएब्लात लोकांचं रक्त तपासते.

एलेउतेरिओ? तीन.
चौथीला दोघांचं झेपेना.
त्याला शेळ्यांमागे धाडलं मी.
रडला नाही,
दप्तर स्वतःच्या हातानं बहिणीच्या खांद्याला अडकवलं.

त्याच्यापुढे तीन लिहिताना
तुझं पेन जरा थांबलं. बघितलं मी.

गोळ्यांच्या डब्यांवर नेरेइदानं चित्रं काढून दिलीत,
उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र.
त्याला अक्षरं येतात थोडी, मला तीही नाहीत.
कोल्ड्रिंक तिनं फोनवरून बंद केलं,
पण मी पेटीमागे लपवलेली बाटली
त्यानं हुडकली
आणि मक्याच्या मुळाशी ओतली.
त्या ताटाला कणीस काही गोड लागलं नाही.

बोट काळं पडलं ते कुणाला दिसलं?
मला तर दुखतच नव्हतं.
रोज संध्याकाळी पाय तो धुतो,
शेळीचा खूर बघावा तसा उलटून बघतो.
फोटो त्यानं पाठवला.
"आज. उद्या नाही, आज," ती म्हणाली.
का, हे त्यानं विचारलं नाही.
मला पाठुंगळी घेतलं,
सडकेपर्यंत दोन तास.
आणखी आठवडा गेला असता
तर घोट्यापासून गेला असता पाय, डॉक्टर म्हणाले.

मग हा पाय कुणाच्या शाळेनं राखला?
सोळात तीन मिळवायचे
की सोळातून तीन वजा करायचे?
शिकलेली तू आहेस, सांग.

नाही येत? राहू दे.
आतोले पी, सपक आहे,
बोल लावायचा तर लेकीला लाव.

तुझी आई कुठे असते?
तिचे पाय बघतं का कुणी?