मूठ

त्या वर्षी बांबू फुलला.
अठ्ठेचाळीस वर्षं गप्प राहिलेला,
एकाएकी फुलला मिझो डोंगरांवर,
आणि म्हातारे फुलांकडे न बघता
कणग्यांची झाकणं तपासू लागले.

मग उंदीर आले.
साइथांगा राखणीला होता शेतातल्या खोपटात.
तो म्हणायचा, आवाज पाण्यासारखा होता,
जणू नदीनं रात्रीत वाट बदलली.
उजाडलं तेव्हा उतारावर
नुसती ताटं उभी, कणसांवाचून.

मी तेव्हा वीस वर्षांची.
मंडळीची टोपली माझ्या पाठीवर असायची.
आमच्यात रीत अशी:
चूल पेटली की आधी देवाची मूठ बाजूला,
मग भांड्यात तांदूळ.
शनिवारी मी दारोदार जायचे
आठवड्याच्या मुठी गोळा करत.

त्या शनिवारी टोपली इतकी हलकी होती
की वाऱ्यानं खांद्यावर फिरत होती.

रोथुआमीचं घर कड्याच्या टोकाशी,
त्यापुढे फक्त धुकं.
पावसाळ्यात नवरा तापानं गेलेला,
पोरं दोन, धाकटं अजून पाठुंगळी.
मी ठरवलं, हे दार टाळायचं.
चपला हातात घेऊन निघाले तिच्या कुडाखालून.

"वहीतून खोडलंस का गं मला?"
वरून आवाज आला.
मी मान वर केली नाही.
म्हटलं, "तांदूळ नाही ना तुझ्या घरात."
"तांदूळ नाही. मूठ आहे."

चुलीवरच्या शिंकाळ्यातून तिनं काढल्या
रानकंदाच्या चकत्या, धुरानं काळ्या झालेल्या,
तीनदा उकळून पाणी फेकावं
तरी घशाला खाजणाऱ्या.
त्यातल्या मुठीत मावतील तेवढ्या घेतल्या,
एक खाली पडली, ती उचलून फुंकली,
तीही टाकली टोपलीत.

मला राग आला. कुणाचा, माहीत नाही.
विचारलं, "याचेही आभार मानतेस तू?"
"उंदरांचे? छे! एवढी भोळी नाही मी.
रोज रात्री भांडते त्याच्याशी,
पोरं झोपली की, हलक्या आवाजात.
पण भांडायला तो घरात लागतो ना?
रुसून बाहेर काढला
तर बोलायचं कुणाशी, धुक्याशी?"

मग धाकट्याचं नाक पदरानं पुसत म्हणाली,
"आभार मानते ते ह्याचे,
की अजून कुणीतरी शनिवारी येतं."

मी तर येणार नव्हते.
हे तिला सांगितलं नाही.
आजवर कुणालाच नाही.

रविवारी उपासनेला ढोल नव्हता,
त्याचं कातडंही कुरतडलेलं.
आम्ही बाकांवर तळवे आपटून ताल धरला,
उपाशी माणसं बेसूर गातात
पण थांबत नाहीत लवकर.
नंतर वडील लियानझुआलांनी टोपली उलटी केली
आणि कमी असलेल्या घरांत वाटली.
रोथुआमीच्या वाट्याला आला
ओंजळभर तांदूळ, आणि त्यात
तिच्याच कंदाच्या दोन चकत्या.
तिनं त्या ओळखल्या. हसली.
म्हणाली, "बघ, यांनाही घर आठवतं."

तिचा थोरला त्या हिवाळ्यात गेला.
हे इथं लिहायलाच हवं.
मी पुढच्या शनिवारी गेले, दाराशी उभी राहिले,
एक शब्द सुचला नाही.
ती उठली, डब्यात हात घातला.
मूठ आली. थरथरत, पण आली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
असेलही.
मी उघडी मूठ पाहिली आहे,
तिची किंमत मला लावता आली नाही.

परवा-परवा बांबू पुन्हा फुलला.
या खेपेला सरकारी गाड्या आल्या, औषधं आली,
आणि माझ्याजवळ सांगायला
उरलं नव्हतं कुणी त्या वेळचं.

माझी बोटं आता पुरती मिटत नाहीत.
देवाची मूठ काढताना चार दाणे सांडतात,
फटीतून खाली, कोंबड्यांकडे.
आधी वाईट वाटायचं.
आता वाटतं,
त्यांचंही मागणं पोचलं असेल कुठंतरी.