पडदा ओढायच्या आधी

ब्रिटनीच्या टोकाला, खडकावरच्या दीपगृहात
सोआझिग दोनशे तेरा पायऱ्या चढते,
खांद्यावर हरणाच्या कातड्याचं फडकं, हातात स्पिरिट.
वर लोलकांचं पोळं, माणसाहून उंच.

दिवसा पडदे ओढायचे, हा नियम.
नाहीतर ऊन उलट्या वाटेनं आत शिरतं
आणि दिव्याच्या जागी आग लागते.

ती पश्चिमेचा एक पडदा
बोटभर उघडा ठेवते.

ऊन काचेत जातं एकटं,
बाहेर येतं कुटुंबकबिल्यासकट.
तांबडा फारसा वाकत नाही,
तिच्या बापासारखा, गोल्वेनसारखा.
जांभळा सगळ्यांत जास्त वळतो,
थेट पायरीवरच्या बादलीत.

"काचेचा दोष आहे तो," बाप म्हणतो.
"जहाजांना पांढरा लागतो. सलग."
खरंय. रात्री हीच काच
सगळ्यांना एका मुठीत धरून
वीस मैल भिरकावते समुद्रावर.
रात्री कुणी सुटं होत नाही.

ती हात पुढे करते.
हिरवा मनगटावर, पिवळा
अंगठीच्या रिकाम्या बोटावर.
फडक्यानं पुसला तर फडक्यावर येतो.

मग ढग. मग पडदा. मग वही:
काचा पुसल्या. वारा नैऋत्येचा.
स्पिरिट संपत आलंय,
यंदा लवकर.