वापराचे कारण

दोन बिनतारी संच, पिवळे, मुठीत मावणारे,
मेहुण्याने पाठवले ठाण्याहून
चकल्यांच्या डब्यात खुपसून.
मस्कतच्या विमानतळावर चकल्या सुटल्या,
संच अडकले.
हातात पावती आली: वस्तू दोन, परवाना नाही.

सूर हे बोटी बांधणाऱ्यांचं गाव.
खाडीच्या काठी अजून एक म्हातारा
सागाच्या फळ्या तासत असतो.
मी गॅसच्या प्रकल्पात काटे बघणारा माणूस:
दाब, तापमान, पातळी.
कमरेला कंपनीचा रेडिओ,
बारा तास तोंड चालू,
झडप सात उघडतोय, ऐकू आलं का,
झडप सात.
घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असतं.
ही नोंद हेमलताची आहे, माझी नव्हे.

टायपिंगच्या दुकानात कुंजुमोन अर्ज भरत होता
उजवीकडून डावीकडे,
मध्ये चहाचा घोट.
नाव. निवासपत्र. दोन्ही गाड्यांचे क्रमांक.
वापरणार कोण कोण?
मी, बायको, मुलगी योजना.
आणि धाकटा, पण तो साडेपाच वर्षांचा.
बोलतो ना? मग लिहू या.
बोलतो म्हणजे काय,
घरात तोच बोलतो.

पुढे, वापराचे कारण.
जागा अर्धी ओळ.

कारण असं, की वाहिबाच्या वाळूत
एखादं टेकाड ओलांडलं
की मोबाइलच्या दांड्या एकेक करून विझतात.
गेल्या डिसेंबरात हेमलता आणि योजना
रुतलेल्या चाकाशी तासभर बसल्या होत्या,
फावड्याऐवजी डब्याचं झाकण घेऊन,
आणि मी पुढे, धाकट्याला शेजारी घेऊन,
गाणी लावून.
मागे कुणी नाही
हे कळायला मला तीन टेकाडं लागली.
तीन म्हणतो मी. ती पाच म्हणते.

कुंजुमोनने लिहिलं: कौटुंबिक.

खिडकीपलीकडे बद्रिया अल-अलवी,
बोटांवर उतरत चाललेली मेंदी.
पल्ला किती?
तीन किलोमीटर, खोक्यावर तसं छापलंय.
आणि कुटुंब कुठे असतं तुमचं?
मागच्या गाडीत.
ती हसली. मग काच खाली करून ओरडत का नाही?
ओरडतात, मी म्हणालो. वारा असतो.

शिक्का मारता मारता म्हणाली,
आमचे आजोबा झांजिबारला जायचे.
आजी धक्क्यावर एक प्रश्न विचारायची,
उत्तर यायचं आठ महिन्यांनी.
तोवर प्रश्न विसरलेली असायची.

परवान्याच्या पाठीमागे अटी.
धंद्यासाठी वापरू नये.
परक्यांशी गप्पा मारू नयेत.
दुसरं कुणी बोलत असेल
तर थांबावं.
मी सही केली. वाचलं नंतर,
बाहेर पार्किंगमध्ये, एसी लावून.

एक्केचाळीस दिवसांनी संच सुटले.
शुक्रवारी पहाटे निघालो. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.
धाकट्याने स्वतःचं नाव उंट ठेवलं,
माझंही ठेवलं, ते इथे सांगत नाही.
वाळू लागली तसं मी बटण दाबलं.
हॅलो, ऐकू येतंय का?
काही नाही.
योजना, ऐकू येतंय का?
हेमा?
आरशात त्यांचे दिवे दोनदा लुकलुकले.
म्हणजे ऐकू येत होतं. मग बोलत का नाहीत?
मी आणखी मोठ्याने, आणखी सावकाश,
झडपेशी बोलतो तसा.

घामाने अंगठा निसटला.
खरखर. आणि तिच्यातून, मधूनच सुरू झालेली, योजना:
बाबा, बटण सोडा हो,
तुम्ही दाबून धरलं की आमचं काहीच पोचत नाही,
आई केव्हाची बोलतेय.

अंगठा मांडीवर ठेवला. थांबलो.

डावीकडचं मागचं टायर बसलंय तुझं,
हेमलता म्हणाली.
फाट्यापासून सांगतेय.