बराच वेळ

भोसरीच्या कारखान्यातून आल्या अकरा वह्या.
कुठलं मशीन, किती वेळ बंद पडलं,
पानोपानी तेलाचे अंगठे.
मला त्यातून मिनिटं काढायची होती. नुसता आकडा.

पाऊण म्हणजे पंचेचाळीस. सव्वा, पंचाहत्तर.
दीड आणि अडीच कुणाच्या नियमात बसेनात,
त्यांना हातानेच जागा करून दिली.
साडे दिसला की थांबायचं, पुढचा शब्द येऊ द्यायचा.
पावणे दिसला तर त्या पुढच्यातून
पंधरा मिनिटं परत मागून घ्यायची,
वाटीभर साखर मागावी तशी, जरा ओशाळून.
एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं साडेदोन.
प्रोग्रॅम अडला, आणि मला उगाच बरं वाटलं,
चौथीच्या बाईंनी कान धरावा कुणाचा, तसं.

"तासाला दहा कमी" याला वेगळी ओळ लागली.
"अर्धा-पाऊण तास" याचा मध्य काढला, साडेसदतीस.
"दोन चहा" कळेना, गव्हाणे सुपरवायझरना फोन केला.
म्हणाले, कँटीनचा असेल तर बारा मिनिटं,
गेटबाहेरचा वीस धरा.

कर्वेनगरच्या खोलीत रात्रीचा दीड झाला
(हा दीड घड्याळातला, मिनिटांत मोडायचा नाही,
याचीही चाचणी मी लिहिली होती)
तेव्हा चार हजार ओळींतली एक उरली.
वही सातवी, निळं बॉलपेन:
"प्रेस बंद. सिद्रामचा हात. बराच वेळ."

शनिवारी गेले. लिहिणारे खरात आता स्टोअरला असतात,
नटबोल्टांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात.
बराच म्हणजे किती हो, काका? अंदाजे सांगा.
ते डिंकाचं बोट पुसत राहिले पँटला.
"प्रेस वर घ्यायला लागला तेवढा.
साहेब म्हणाले, सहा मिनिटं लिही.
लिहिली होती. मग खोडली."

घरी येऊन पान दिव्यासमोर धरलं.
आहे. शब्दांच्या खाली सहाचं पोट,
त्यावर इतक्या रेघा की कागद फाटलाय.

रकाना फक्त आकडा घेतो.
शून्य भरलं असतं तर काम संपलं होतं,
सहा भरले असते तर साहेबही खूश.
मी ती ओळ तशीच ठेवली आहे.
दर सोमवारी सकाळी नऊला निरोप येतो,
एक नोंद वाचता आली नाही.
मी चहा घेते. कँटीनचाच, बारा मिनिटांचा.